वरच्या वाड्यावर नेट न्यायचंय, मदत हवी (नुसतं सीन करून सोडू नका)

नमस्कार मंडळी,

रविवारच्या मिटिंगला कोरम झाला नाही म्हणून हे रात्री एकटाच बसून टाईप करतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी जुनं सांगतो, कारण नवीन पोरांना वाटतं वाचनालय सरकारने दिलंय. गोवा मुक्तीनंतर गावात मराठी शाळा आली तेव्हा आपल्या मास्तरांनी स्वतःच्या ओसरीवर एका पत्र्याच्या पेटीत पुस्तकं ठेवून हे सुरू केलं, पेटी वाळपईहून डोक्यावरून आणलेली. छप्पर शिगम्याच्या मेळाने दिलं, घरोघर नाचून जे मिळालं ते सगळं, एक पैसा चहाला सुद्धा काढला नाही. बचत गटाच्या बायकांनी चवथीच्या आधी रान तुडवून माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात ती रानफळांची) सामान गोळा केलं, बाजारात बसून विकलं आणि टेबल-खुर्च्या घेऊन दिल्या. दोन कॉम्प्युटर बँकेतून रिटायर झालेल्या आपल्या काकांनी दिले, नाव लिहू नको म्हणाले म्हणून लिहीत नाही, पण काका, पोरं अजून त्याच्यावरच शिकतायत. ह्या सगळ्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

आता मुद्दा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपली पोरं छत्री घेऊन टेकडीवर बसायची, तीन पोरांत एक मोबाईल, आठवतंय ना? त्याला इतकी वर्षं झाली, खालच्या वाड्यावर घरोघर रील्स चालतात आणि वरच्या वाड्यावर अजून ओटीपी यायला माणूस पाणंदीच्या वळणावर जाऊन उभा राहतो. आणि हे फक्त आपलंच नाही. आयटीयू म्हणून जी युनोची संस्था आहे तिचा 2024 चा आकडा, जगात 260 कोटी लोक नेटबाहेर, त्यातले 180 कोटी खेड्यातले. कारणं सगळीकडे आपल्यासारखीच, डोंगर, विस्कळीत वस्ती, जाणारी लाईट, आणि चार घरांसाठी टॉवर टाकायला कंपनीला परवडत नाही. परवडला तर आपण टॉवर नको म्हणून सह्या गोळा करतो (मीही केली होती, कबूल).

2016 ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, पण रेंजच नसेल तर स्वस्त पॅक घालून काय चाटायचं? सरकारने 2011 सालीच पंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली, आता तिला भारतनेट म्हणतात, पण पंचायतीपासून पुढे चढणीवरच्या घरापर्यंत कोण नेणार? जगभर गाडी तिथेच अडते.

नेपाळात महावीर पुन म्हणून आहेत, मूळचे शिक्षक, त्यांनी डोंगरातली गावं वायफायच्या अँटेना लावून जोडली, सुरुवातीला तर झाडावर बांधून. 2007 ला मॅगसेसे मिळालं त्यांना. आपल्याला तर एकच टेकडी पार करायचीय.

करायचं एवढंच, वाचनालयाच्या गच्चीवर एक रेडिओ (गाण्यांचा नव्हे, नेट हवेतून पाठवणारा अँटेनावाला डबा) आणि वरच्या वाड्यावर एक, समोरासमोर. मध्ये झाडं आली तर पावसात ओली पानं सिग्नल खातात, म्हणून उंच पाईप लागतो. परवाना लागेल का विचारणाऱ्यांसाठी, 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 पासून त्यासाठी खुला आहे, ठरलेल्या पॉवरच्या आत राहायचं बस. आणि हा मोबाईल टॉवर नाही, घरातल्या राउटरच्याच जातीतला आहे, उगाच घाबरू नका. पुढे पीएम-वाणी योजनेत (2020 ची) गाडेवालासुद्धा लायसन फीशिवाय वायफाय विकू शकतो, त्यातून महिन्याचं बिल निघेल असा अंदाज. पेन्शनवाल्या आजोबांचा हयातीचा दाखला, गृह आधारचे (गृहिणींना मदत देणारी सरकारी योजना) फॉर्म, काजूवाल्या बायकांचं यूपीआय, सगळं वरच होईल. पोरांचं वेगळं सांगायला नको.

एक बोलायचं नव्हतं पण बोलतो. जत्रेच्या नाटकाच्या पडद्याला एका रात्रीत पैसे जमले, चांगलंच झालं, मी पण दिले. पण मागच्या वर्षी ह्याच नेटसाठी लिहिलं तेव्हा ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस आणि पैसे फक्त चौघांचे, त्यात दोघे कमिटीतलेच. एकाने तर "वर राहतात किती जण?" असं विचारलं. अरे, मास्तरांची ओसरी वरच्या वाड्यावरचीच होती.

हिशेब: दोन रेडिओ, पाईप आणि ताणाच्या तारा, अर्थिंग (वीज पडते, हे सोडून चालणार नाही), इन्व्हर्टर-बॅटरी, केबल, पहिल्या वर्षाचं बिल मिळून 95 हजार, जमा 31, हवे 64. पैसे वाचनालयात संध्याकाळी 5 ते 7 खजिनदारांकडे, पावती घ्याच, बाहेरगावच्यांनी अकाउंट नंबर खजिनदारांना फोन करून घ्यावा, ग्रुपवर टाकणार नाही. पैसे नसतील तर वेल्डिंगवाला, वायरमन, खड्डा खणायला दोन दिवस माणसं, तेही चालेल. मिरगाच्या आधी पाईप उभा राहायला हवा, नंतर चवथीपर्यंत टेकडीवर चढता येणार नाही.

आणि ज्यांच्याकडे वाचनालयाची उंच शिडी आहे त्यांनी ती परत आणून द्यावी, कोणाकडे आहे ते मला माहीत आहे.

आपला,
सेक्रेटरी