आधी किडा ओळख, मग औषध

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला, कोंबड्यांना उवा झाल्यात, काय मारू. अरे पण उवाच कशावरून? कोंबडी चोचीने अंग खाजवायला लागली की आपण सरसकट उवा म्हणून टाकतो आणि बाटली आणून फवारून मोकळे होतो. तसं करू नको बाबा. तो किडा कोंबडीच्या अंगावर राहतोय की खुराड्यात, ते आधी बघ, औषध कुठे मारायचं ते सगळं त्याच्यावर आहे.

दिवसा एक कोंबडी काखेत धर, शेपटी वर कर आणि ढुंगणाजवळची पिसं फुंकर मारून बाजूला कर. पिवळट, चपटे किडे उजेड लागला की पिसांत पळत सुटले तर त्या उवा, आणि पिसांच्या बुडाशी साखर चिकटून बसल्यासारखे पांढरे गठ्ठे दिसले तर त्या लिखा. पंखाखाली पण बघ. या उवा मुख्यतः पिसं आणि कोंडा खातात, जन्मभर कोंबडीवरच राहतात आणि अंगावरून खाली पडल्या की आठवडाभरात मरतात, म्हणजे इथे औषध कोंबडीला लावायचं. आणि वहिनींना सांग, या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, उगाच घाबरू नका.

पण दिवसा अंगावर काहीच सापडत नाहीये, तुरे फिके पडलेत, अंडी कमी झालीत आणि संध्याकाळी कोंबड्या आत जायला का कू करतायत, तर रात्री टॉर्च घेऊन जा. बसायच्या दांडीच्या खालून पांढरा टिश्यू घासून फिरव. लाल रेघोट्या उठल्या तर लाल माइट्स म्हणजे अगदी बारीक किडे आहेत, ते रात्री रक्त पितात आणि दिवसा फटीत जाऊन बसतात. खरा वैताग हाच. उपाशीपोटी महिनोन्महिने जगतात, त्यामुळे खुराडं चार दिवस रिकामं ठेवून काहीही होत नाही. दांड्या काढ, सगळा भुसा बाहेर, उकळतं पाणी प्रत्येक फटीत ओत, वाळल्यावर फटीत औषध मार आणि मग फटी बुजवून टाक. गोचीड असली तर ती पण तिथेच लपते आणि तिच्यातून कोंबड्यांना जीवघेणा ताप येऊ शकतो, म्हणून फटींवर आळस नको.

औषध कोंबड्यांसाठी म्हणून लिहिलेलंच घे, शेतात फवारायचं उरलेलं अजिबात नको. पर्मेथ्रिन नावाच्या कीटकनाशकाची पावडर असते, ती पिसांच्या मुळापर्यंत चोळायची, नुसती वरून भुरभुरून काय उपयोग, फक्त तुझं मांजर तिथून लांब ठेव, त्याला ते विष आहे. आयव्हरमेक्टिन वगैरे किडे मारायचं औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते पण तेव्हाच विचार. आणि लोक हे हमखास विसरतात, औषधाने लिखा मरत नाहीत, त्या फुटून नवीन उवा निघतात, म्हणून 7 ते 10 दिवसांनी परत एकदा करायचं, कोंबड्या ठणठणीत दिसल्या तरी.

राखेचं म्हणशील तर कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख एका टोपल्यात कायम ठेव, त्यात लोळून त्या स्वतःच बऱ्याच उवा झटकतात, पण एकदा भरपूर झाल्या की नुसत्या राखेने भागत नाही.

पाय पण बघ. खवले उचललेले, खडबडीत, खाली पांढरी पापुद्र्यासारखी घाण असेल तर तो वेगळाच माइट, खवल्याखाली घुसून बसणारा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजव, खवले ओरबाडू नको, रक्त येतं. मग व्हॅसलिन थापायचं, पाय नीट होईपर्यंत दर दोनतीन दिवसांनी. रॉकेल कोणी सांगितलं तर ऐकू नको, कातडी जळते.

आणि ती खुडूक बसलेली सगळ्यात आधी तपास. अंड्यांवरून उठत नाही, धुळीत लोळत नाही, सगळ्यात जास्त तिच्याच अंगावर सापडतील, आणि पिल्लं निघाली की सरळ त्यांच्यावर जातील. तिच्या खालचं गवत पण बदल. टिश्यूवर काय आलं त्याचा फोटो पाठव, मग बोलू.

तुझा,
सुध्या