माफीचं कौतुक पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मानसिक जखमांवरचा लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार मानते. पण लेखाचा शेवट वाचल्यावर गप्प बसवेना. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याच्या गोळीबारात ९ जणांचा जीव गेला, दोनच दिवसांनी जामिनाच्या सुनावणीत काही नातलगांनी मारेकऱ्याला माफ केलं, आणि लेखकांच्या मते 'यातूनच जखमा भरतात'. मग ज्यांना माफ करता आलं नाही त्यांचं काय? त्यांचीही माणसं तिथेच, प्रार्थनेला बसलेली असताना गेली. माफ करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. बाहेरच्या माणसाने त्याचा धडा करून वाटत सुटू नये.

मी शिकागोच्या साऊथ साइडमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या भागातल्या, एका रुग्णालयात बरीच वर्षं परिचारिका होते. एका रात्रपाळीला साठीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले. सोबत बहीण होती. ईसीजीच्या वायरी पुढे केल्या मात्र, ते खाटेवरून उतरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. घामाने सदरा भिजला होता, पण अंगाला हात लावू देईनात. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं आणि केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहून ते मोकळे झाले. बहिणीने मला बाजूला घेऊन एकच वाक्य सांगितलं : "पोलिसांनी त्याला वायरी लावल्या होत्या."

साऊथ साइडला याहून जास्त सांगावं लागत नाही. जॉन बर्ज या पोलीस अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्यांनी १९७२ ते १९९१ या काळात शंभरावर लोकांना कोठडीत छळलं. त्यात बहुतेक सगळे कृष्णवर्णीय पुरुष होते. हाताने फिरवायच्या यंत्रातून विजेचे झटके दिले, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून श्वास कोंडला आणि कबुलीजबाब लिहून घेतले. काही जण त्या कबुलीजबाबांवर फाशीच्या कोठडीत गेले. त्यातल्या चौघांना २००३ मध्ये राज्यपालांनी निर्दोष ठरवून शिक्षामाफी दिली. छळाबद्दल बर्जवर खटला चाललाच नाही, मुदत टळून गेली होती. २०१० मध्ये तो दोषी ठरला तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. साडेचार वर्षांची शिक्षा झाली, पेन्शन मात्र चालूच राहिली.

तर त्या रात्री आमच्या वॉर्डातली मदतनीस, तीही कृष्णवर्णीय, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. एक चिकटपट्टी तिने आधी स्वतःच्या मनगटावर लावली. यंत्राचा प्लग काढून दाखवला. वायर कुठून निघते, कुठे जाते, हे त्यांना हाताने चाचपून बघू दिलं. मग विचारलं, "आधी कोणती लावू? तुम्ही सांगा." ते सांगत गेले, ती लावत गेली. वेळ लागला, पण ईसीजी निघाला आणि पुढचे उपचार झाले. केसपेपरवरचा शेरा मात्र तसाच राहिला. तो काढावा म्हणून मी लेखी अर्ज दिला, त्याला उत्तर आलं नाही. म्हणजे पुढे ते जेव्हा जेव्हा येतील तेव्हा नवा डॉक्टर आधी ती ओळ वाचणार आणि मग माणसाकडे बघणार. आजही आठवलं की संताप होतो.

आपल्या लेखात ध्यान, प्राणायाम, समुपदेशन सगळं आहे. या मदतनीस बाईसारखी माणसं कुठे आहेत? चर्चमधल्या बायका, केशकर्तनालयात तासन् तास बसणारे पुरुष, तुरुंगातल्या मुलांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या आणि महापालिकेच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आया कुठे आहेत? यांच्या लढ्यामुळे ६ मे २०१५ रोजी शिकागो महापालिकेने बर्जच्या छळाच्या भरपाईचा ठराव केला. महापौरांनी माफी मागितली, ५५ लाख डॉलर ठेवले, पीडितांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना शहराच्या महाविद्यालयांत मोफत शिक्षण दिलं. आठवी आणि दहावीच्या मुलांना हा इतिहास शिकवायचं ठरलं. साऊथ साइडलाच एक उपचार केंद्र उभं राहिलं आणि तिथे छळ सोसलेली माणसं दुसऱ्यांचा आधार झाली. कबूल केलेलं स्मारक मात्र वर्षानुवर्षं रखडलं. चार्ल्सटनच्या आधी जेमतेम दीड महिना झालेली ही गोष्ट. लेखकांना जूनमधली माफी आठवली, मेमधला हा ठराव आठवला नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने माफ करायचं, हे सगळ्यांना सोयीचं आहे. ज्याने केला त्याने चारचौघांत कबूल करायचं आणि भरून द्यायचं, ते अवघड आहे, आणि माझ्या पाहण्यात माणसं सावरली ती त्यामुळे.

आपल्या लोकांबद्दलही लिहायलाच हवं. शिकागोतल्या गणपतीत, हळदीकुंकवात मी कामाची जागा सांगितली की "अगं, त्या भागात? जपून हो" हे ठरलेलं. त्या भागातली माणसं कशातून गेली, हे कोणी विचारलं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांच्या महाराष्ट्रातून गेलेल्या सुशिक्षितांनी त्या वस्तीवरून गाडीच्या काचा वर करून जावं, याची मला लाज वाटते.

शेवटी फोटोबद्दल. दुःखावरच्या, आधारावरच्या लेखाला आपण जळत्या दुकानांचा फोटो का छापला? मजकुरात जाळपोळीचा एक शब्द नाही. कृष्णवर्णीयांचा विषय आला की हाच फोटो काढायचा, ही सवय आपल्या वृत्तपत्राने मोडावी. कृपया हे पत्र छापताना हा परिच्छेद कापू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
डोंबिवली (पूर्व)