यॉर्कची नदी आणि आपला जिना

चि. मनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, यॉर्कचा दिवस पावसात वाया गेला, पुढच्या वेळी जूनमध्ये या. अगं, चिपळूणच्या माणसांसमोर पावसाबद्दल कसलं वाईट वाटून घेतेस? तुमच्या इंग्लंडातली ती नुसती पिरपिर. छत्री उघडावी तर थांबते, मिटावी तर पुन्हा सुरू. साडीचा काठ भिजला, एवढंच काय ते नुकसान. ते मनातून काढून टाक. लिहायला बसले ती वेगळ्याच कारणानं. तू, चिनू आणि बाबा रेल्वेच्या म्युझियममध्ये होतात तेव्हा मी आणि जावईबापू कुठे कुठे गेलो, ते तुला धड सांगायचंच राहिलं. फोनवर सांगायला घेतलं की चिनू मध्ये येतो.

आधी मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं ते मोठं चर्च. तिकिटाचा आकडा ऐकून मी बाहेरूनच नमस्कार करणार होते, पण जावईबापूंनी ऐकलं नाही. पूर्वेकडची ती खिडकी तू पाहिली आहेस का? खिडकी कसली, अख्खी भिंतच काचेची. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत ती पुरी केली आणि त्याला ५६ पौंड मिळाले. आपल्या पाचजणांच्या त्या दिवसाच्या प्रवासात आणि खाण्यापिण्यात तेवढे सहज गेले असतील! वरच्या चौकटी मला चष्मा लावूनही नीट दिसेनात, पण मान दुखेपर्यंत बघत बसले. २०१८ साली तिची सगळी डागडुजी पुरी झाली म्हणे. एकेक काच उतरवून, साफ करून पुन्हा जागच्या जागी बसवली. अशी चिकाटी पाहिली की मला त्या लोकांचा हेवा वाटतो.

मग ती शॅम्बल्सची गल्ली. वरचे मजले इतके पुढे आलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी-चमचा द्यावा-घ्यावा. पूर्वी सगळी खाटकांची दुकानं होती, मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून भिंतीला आहेत. आता तिथे जादूच्या छड्या मिळतात आणि त्यासाठी रांगा लागतात. मला काही तिथे फार वेळ थांबवेना. गर्दी आपल्या गणपतीच्या बाजारासारखी, आणि दोन्हीकडच्या पागोळ्या बरोबर मधल्या माणसाच्या डोक्यावर.

खरं सांगायचंय ते नदीचं. ऊज नदीच्या पुलावर आलो आणि मी थबकलेच. पाणी गढूळ, तांबूस, काठाच्या फरशीला लागलेलं, आणि ओढ अशी की एक ओंडका बघता बघता कमानीखालून पार. मी जावईबापूंना म्हटलं, एवढ्याशा पावसाला ही नदी इतकी फुगते कशी? ते म्हणाले, आई, हे इथलं पाणी नाहीच, वर डेल्सच्या डोंगरात एक-दोन दिवसांपूर्वी पडलेला पाऊस आज इथे पोचतो. मला हसूच आलं. वाशिष्ठीचंही तेच ना? बाजारपेठेत ऊन पडलेलं असतं आणि घाटावर ढग फुटलेले. त्यात आपल्याकडे कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून येणार, खालून भरती चढणार, आणि मध्ये आपण.

काठावरच किंग्ज आर्म्स नावाचं पब आहे. हो, तुझी आई पबमध्ये गेली. चहा मागितला नाही, कॉफी मागितली नाही, नुसती भिंत बघितली. खाली दगडी फरशी, भिंतींच्या विटा उघड्या, गिलावा नाही की कागद नाही. पाणी येणारच हे धरून चालल्यासारखी सगळी मांडणी. आलं की सामान हलवायचं, ओसरलं की धुवायचं आणि पुन्हा दार उघडायचं. दाराजवळ पुराच्या पातळ्यांच्या खुणा, प्रत्येकीपुढे साल. २००० सालची खूण माझ्या डोक्याच्या वर. त्या वर्षी ऊज नेहमीच्या पातळीपेक्षा ५.४ मीटर चढली होती. तिथला मुलगा ग्लास पुसत होता, त्याला त्या खुणांचं काहीच वाटत नव्हतं. मी मात्र साडीचा ओला काठ पिळत तिथेच उभी.

परत येताना जावईबापूंनी फॉस नदीचं सांगितलं. ती यॉर्कमध्येच ऊजला मिळते. ऊज चढली की पाणी फॉसमध्ये उलटं घुसू नये म्हणून तोंडाशी मोठं दार बसवलंय. दार लावलं की फॉसचं पाणी पंपाने उपसून पलीकडे टाकायचं. २०१५ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पंपांच्या विजेच्या खोलीतच पाणी शिरू लागलं आणि दार उचलावं लागलं. सहाशेहून जास्त घरादुकानांत पाणी गेलं. मग त्यांनी काय केलं? पंप मोठे केले आणि विजेची यंत्रणा वर नेली. म्हणजे त्यांचंही चुकतं गं. पण चुकलेलं कुठपर्यंत आलं, ते भिंतीवर लिहून ठेवतात.

आता मुद्द्यावर येते. २२ जुलै २०२१ ला आपल्या जिन्यात पाणी कुठवर आलं होतं, ते तुला माहीत नाही. तू तिकडे, आमचे फोन बंद, आणि नंतर कधी विचारलंस की आम्ही म्हणायचो, "आलं होतं थोडं." थोडं नव्हतं. दहाव्या पायरीला होतं. देव, धान्याचे डबे आणि तुझ्या शाळेच्या फायली घेऊन आम्ही माळ्यावर बसलो होतो. २००५ ला पाचवी पायरी. पाणी ओसरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहिली होती, ती बाबांनी दिवाळीच्या आत दोन हात रंग मारून घालवली. आल्यागेल्याने बघून हळहळू नये म्हणून. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण त्या वेळी भांडायचं त्राण नव्हतं.

आता भांडतेय. मीटर वर घेतलाय, फ्रिज वर नेलाय, खालच्या कपाटांत नुसती भांडी ठेवते. फक्त रेघ नाही. मला जिन्यात दोन पितळी पट्ट्या हव्यात, २००५ आणि २०२१. उद्या घरात सून-नातसून येईल, भाडेकरू येईल, त्याला कोण सांगणार की गादी कुठवर उचलायची? बाबा म्हणतात, घर आहे की सरकारी कचेरी. तेव्हा जावईबापूंनी पबमधल्या खुणांचा फोटो काढलाय तो मोठा करून पाठव. तुझ्या शब्दाला बाबा मान देतात, तू एकदा बोल.

आणि जुलै आला की रात्री-अपरात्री फोन करत जाऊ नकोस. पाणी चढायला लागलं तर मीच आधी कळवीन, आणि या वेळी पायरीचा आकडा खरा सांगीन.

चिनूला गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी अख्ख्या आळीला सांगून झालंय की म्युझियममधलं ते धिप्पाड चिनी इंजिन १९३५ साली ज्या वल्कन फाउंड्रीत बनलं, तिथूनच १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनं आली होती. आयुष्य रेल्वेत गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मॅलार्ड नावाच्या वाफेच्या इंजिनासमोर चिनूला कडेवर घेतलेला फोटो फ्रेम करायचाय म्हणतात. तोही पाठव, म्हणजे भिंतीवर माझ्या पट्ट्यांच्या बदल्यात त्यांना काहीतरी द्यायला बरं.