बाबा, खाजवू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. घोट्याच्या जरा वर एका ओळीत तीन लाल गांधी, प्रत्येकीच्या मधोमध बारीक टिंब. या पिसवाच. त्यांना उडता येत नाही, उड्या मारतात, म्हणून बहुतेक घोट्यांपाशी नि पोटऱ्यांवरच चावतात. आणि आपली मनी मांजर झोपते बाबांच्या पायाशी.

बाबा, सगळ्यात खालच्या गांधीवर खपली दिसली. ती पिसूची नाही, तुमच्या नखाची आहे. मला काळजी आहे ती तिचीच. साखरेचा आजार (मधुमेह) असलेल्या माणसाच्या पायावरची जखम लवकर भरत नाही. नखं आजच कापा. पाय साबणाने हलके धुवा, टिपून कोरडे करा आणि थंड पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा. खाज उसळेल तेव्हा पुन्हा ठेवा. गांधींवर कॅलामाइन लोशन लावा, पण खपलीवर नको.

आई, गरम पाण्यात पाय बुडवायला लावू नकोस. साखरेमुळे तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळायचंही नाही. आणि कपाटातली ती झोप आणणारी ॲलर्जीची जुनी गोळी तर अजिबात देऊ नकोस. या वयात तिने भ्रम होतो, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो. झोप कमी आणणाऱ्या गोळ्याही मिळतात, पण बाबांच्या बाकीच्या औषधांची यादी दाखवून डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खाज उतरली तरी मनीवर औषध पडेपर्यंत नव्या गांधी येतच राहतील. ते जनावरांच्या डॉक्टरांकडूनच आणा. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजर दगावतं. पिसवांची अंडी मनीच्या अंगावरून गळून गालिच्यात, गादीच्या शिवणीत पडतात. कोशातली पिसू तर महिनोन्‌महिने तग धरते. म्हणून चादरी गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम काही आठवडे चालू ठेवा आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाका. वाकायचं काम बाबांना नको.

लाली पसरली, पू आला, पाय गरम लागला किंवा ताप आला, तर माझ्या फोनची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा.

आई, उद्या सकाळच्या उजेडात त्याच पायाचा फोटो पाठव. खपली नीट दिसू दे.

तुमची लेक