बादली उचलायची नाही, पाणीही वाढवायचं नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाथरूमच्या फरशा काढल्याच आहेत, तर नळाचं आत्ताच ठरवून घ्या. टाइल्स बसल्यावर भिंत पुन्हा फोडावी लागेल. टबाचा विषय मिस्त्रीपाशी बंद करा. तो भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि गुडघ्याएवढी कड ओल्या पायांनी ओलांडावी लागते. तुम्हाला नळीचा हँड शॉवर आणि बसायला स्टूल, एवढं पुरे.

शॉवर म्हणजे पाण्याची नासाडी, हे बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं राहणारा माणूस असंच म्हणणार. २० लिटरची बादली संपली की अंघोळ संपली. शॉवरला तसा शेवट नसतो. पण भरलेली बादली २० किलोची होते. ती सरकवताना आणि मगासाठी दर वेळी वाकताना आईच्या कंबरेवर ताण येतो, तोलही जातो. म्हणून बादली सोडायची, मोजणं मात्र सोडायचं नाही.

शॉवर बसला की त्याखाली १० लिटरची बादली ठेवा, कॉक पूर्ण उघडा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर. मग अंग ओलं करायला एक मिनिट, कॉक बंद, साबण लावून झाला की धुवायला दोन मिनिटं. १५ लिटरमध्ये अंघोळ झाली. तोच शॉवर आठ मिनिटं चालू राहिला तर ४० लिटर जातात. सगळी बचत साबण लावताना कॉक बंद करण्यात आहे.

आता दाबाचं नीट ऐका, कारण खरी चूक इथेच होते. आपली टाकी गच्चीवर आहे, खालच्या बाथरूमच्या शॉवरपेक्षा जेमतेम तीन-चार मीटर उंच. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. आपल्याला मिळणार ०.३ ते ०.४. दुकानात ‘पाणी वाचवणारा’ म्हणून जे शॉवर मिळतात, ते बहुतेक याच्या कितीतरी जास्त दाबासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे त्यातून धार न येता नुसतं थेंब-थेंब पाणी पडेल. मग प्लंबर म्हणेल, ‘काका, प्रेशर पंप टाकू.’ तो अजिबात टाकू देऊ नका. पंप आला की मिनिटाला १०-१२ लिटर सहज जातील, आणि घरातल्या ज्या नळांना तो जोडला त्या सगळ्यांची धार वाढेल. कमी दाबावर चालणारा साधा हँड शॉवर मागा. नळीच्या तोंडाशी छोट्या भोकाची प्लास्टिकची चकती असेल तर काढून ठेवा. आपल्या टाकीचा कमी दाबच पाणी वाचवतो.

जोडणी अर्धा इंची असते. टेफ्लॉन टेप भिंतीतल्या निपलवर (बाहेर आलेल्या आट्यांच्या तुकड्यावर), आट्यांच्या दिशेनं, आठ-दहा वेढे. नळीच्या टोकाला टेप नको. तिथं रबरी वायसर पाणी अडवतो. नळीच्या टोकाचं नट हातानंच आवळायचं. पान्यानं आवळलं की वायसर चिरतो आणि महिन्याभरात गळायला लागतं.

हँडलवर पाणी थांबवायचं बटण असेल तर त्यावर अंघोळ संपवू नका, मिक्सरचे (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचे) दोन्ही कॉक बंद करा. ते उघडे राहिले तर गरम आणि थंड लाइन आतून जोडलेल्या राहतात, आणि जिथं दाब जास्त तिथलं पाणी दुसऱ्या लाइनीत शिरतं. नळीही सतत दाबाखाली राहते. आधी थंड उघडायचं, मग गरम, आणि धार पहिल्यांदा हातावर घ्यायची.

गीझर ३ लिटरचा इन्स्टंट नको. ३ किलोवॅटचा गीझर १५ अंश तापमान वाढवून मिनिटाला तीन लिटरसुद्धा देत नाही, त्यामुळे थंडीत शॉवर कोमट पडतो. १५ लिटरचा साठवणीचा घ्या, थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि वयानुसार कातडी पातळ होते. ५० ला ठेवल्यावर त्यात एकाची अंघोळ नीट होते. दुसऱ्यानं वीसेक मिनिटं थांबायचं.

बोअरचं पाणी जड आहे, शॉवरची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजतील. महिन्यातून एकदा शॉवर काढून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा मिश्रणात अर्धा तास बुडवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. संडासाचं ॲसिड लावू नका, मुलामा उडतो.

स्टुलाच्या पायांना रबरी बूट हवेत आणि उंची गुडघ्याइतकी, ४० ते ४५ सेंटिमीटर. शेजारी स्टीलचा आधार-दांडा भिंतीत अँकर ठोकूनच बसवा. व्हॅक्यूमनं चिकटणारा वजन आलं की निसटतो. बाबा, त्या जागी विटा भक्कम आहेत ना, हे फरशी बसायच्या आधी ठोकून बघा.

१० लिटरची बादली किती सेकंदांत भरली तेवढं फोनवर कळवा. ४५ सेकंदांच्या आत भरली तर ती काढलेली चकती परत बसवायची, म्हणून ती टाकून देऊ नका.

तुमची,
लेक