बंड्या, होजबद्दल विचारायचंय

प्रिय बंड्या,

काल गाडीखाली पाठीवर पडलो होतो, उजवं पुढचं चाक काढून, टॉर्च दातात धरून, आणि तुझी एवढी आठवण आली की हात धुतल्या धुतल्या लिहायला बसलोय. शुभदाला सांगून बघितलं, ती म्हणाली "जुना झालाय ना, मग बदल की." बरोबरच आहे तिचं. पण हे तुलाच कळणार.

मोटरहोमच्या ऑइल कूलरच्या लाइनी रे. गाडी तुला माहितीच आहे, जीएमसी, 1976 ची, 26 फुटी. 455 घन इंचाचं इंजिन म्हणजे साडेसात लिटर, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, खालून प्रोपेलर शाफ्ट नाहीच, म्हणून फ्लोअर इतका खाली की आई आली होती तेव्हा कुणाचा हात न धरता चढली. 1973 ते 78 एवढीच वर्षं निघाली ही गाडी, इथे मिशिगनमध्येच पाँटियाकला, घरापासून तासाभराच्या आत. तर ह्यात इंजिनचं ऑइल फिल्टरपाशी बाहेर निघतं, थंड व्हायला एका होजने, म्हणजे रबरी नळीने, रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतल्या कूलरमध्ये जातं आणि दुसऱ्याने परत येतं. आता होज फुटला तर पंप काय करणार, तो ढकलतच राहणार, इंजिनमधलं पाच-सहा लिटर ऑइल रस्त्यावर ओतून मोकळा होणार, आणि लाल दिवा बघून बंद करेपर्यंत बेअरिंगा गेलेल्या. ते एक वेळ परवडलं, पण तेच ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर? बॉडी फायबरग्लासची. पुढचं तुला सांगायला नको.

इथला एक मेकॅनिक म्हणाला होता गळत नाहीयेत ना, मग हात लावू नका. गळत नव्हत्याच, वरून चिंधीने पुसल्या तर एकदम नव्यासारख्या काळ्या. पण पुसल्यावर छापलेलं दिसलं, थ्री क्यू 98, म्हणजे 98 सालच्या तिसऱ्या तिमाहीत बनलेला होज. इराच्या जन्माआधीचा, भावा! मग मी काढलेच दोन्ही. रेडिएटरकडच्या नटाला दोन पाने लावले, एकाने टाकीचा फिटिंग जागच्या जागी धरायचा नि दुसऱ्याने नट सोडायचा, नाहीतर फिटिंग फिरतो, आतला जोड तुटतो आणि ऑइल-पाणी एक होतं. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलेलं, तरी जीव मुठीत धरून पाना ओढला. सुटले. बाहेर आणून होज नुसता वाकवला तर टाचेला भेगा पडतात तशा चिरा उघडल्या, आणि फेरूलच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या टोपीच्या, अगदी कडेला आतली तार दिसली, लालभडक गंजलेली. तिथे बाहेरून काहीच दिसत नव्हतं रे. तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

कारण ऑगस्टमध्ये गाडी इरा नेणार आहे. एकटी, म्हणजे मैत्रिणींबरोबर, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, मॅकिनॉ पुलावरून. आठ किलोमीटरचा पूल आहे, 1957 सालचा, मधल्या लेनला नुसती लोखंडी जाळी, खाली पाणी दिसतं, आणि वारा असा की उंच गाड्यांना हळू जायला लावतात. मी असेन तर आवाजावरून कळेल मला, इंजिन बंद करीन. ती गाणी लावून बसणार. तिला नाही म्हणवत नाही, गाडी ती माझ्यापेक्षा चांगली रिव्हर्स घेते.

तर आता तू सांग. इथे ट्रॅक्टरचे होज करून देणारा एक दुकानदार आहे, तो साधा आर-वन, म्हणजे आत तारेची एक जाळी असलेला रबरी होज, लावून क्रिंप करून, म्हणजे टोकाचा फिटिंग मशीनने दाबून, देतो म्हणतो. प्रेशरचा प्रश्नच नाही, अर्धा इंची आर-वन 2000 पीएसआयला हसत हसत टिकतो आणि इंजिनचं 60 च्या पुढे जात नाही. पण तूच मला शिकवलंस ना की होज प्रेशरने कमी आणि उष्णतेने जास्त मरतो? साधं नायट्राइल रबर 100 डिग्रीचं, आणि चढावर एवढं वजन ओढताना ऑइल त्याच्या वर जातंच. म्हणून मला पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा घ्यायचाय, स्टीलच्या जाळीचा, तो 200 ला पण हूं की चूं करत नाही. फक्त जाळी ज्याला घासेल ते कापते म्हणून वर स्लीव्ह चढवीन, आणि फार आखूड वळवला तर मुडपतो. अडलंय ते इथे: फिटिंग क्रिंपचा की पान्याने आवळायचा? मला आवळायचा आवडतो, प्रवासात पुन्हा करता येतो. क्रिंपची डाय, म्हणजे दाबायचा साचा, एक नंबर चुकली तर कळणार पण नाही.

आणि आता आंबा घाट काढू नकोस! तू तेव्हा डिझेलच्या पाइपवर सायकलची ट्यूब आणि ज्युबिली क्लिप लावून साखरप्याला उतरू म्हणत होतास, मी म्हणत होतो मलकापूरला परत जाऊ. माझंच बरोबर होतं, अजूनही म्हणतो. नाना पण तेच म्हणाले होते, तुझ्यासमोर, भाकरी मोडता मोडता. आता उद्यमनगरात बसून जेसीबीवाल्यांना तू स्वतःच सांगतोस ना, क्लिपवर जाऊ नका म्हणून? मग झालं तर.

बाकी इकडे ठीक, बीपीची गोळी चालू आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मंग्याकडून कळलं, जिना चढतात का आता? ओंक्याचं इंजिनिअरिंगचं काय ठरलं, सांगलीच की पुणे? वहिनींना सांग मसाला पोचला, शुभदा लपवून ठेवते.

व्हॉइस नोट पाठवू नकोस, तुझ्या मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. लिहून पाठव, अर्धा इंची पीटीएफईला क्रिंप करायचं झालं तर डाय कुठली आणि क्रिंपनंतर व्यास किती यायला हवा, म्हणजे कॅलिपर घेऊनच दुकानात उभा राहतो. शनिवारी जायचंय, त्याच्या आत.

तुझा,
सुध्या

ता.क. जुन्या होजचा तुकडा कापून ठेवलाय, डिसेंबरला येताना आणतो. दुकानात टांग, गिऱ्हाइकांना दाखवायला.