तेंगानानमध्ये आपलेच प्रतिबिंब शोधू नये

संपादक महोदय,

बालीविषयी मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत जे लेख येतात, त्यांत ‘सातासमुद्रापार जपलेली आपली संस्कृती’ ही शब्दावली हमखास आढळते. ती कौतुकाने वापरलेली असली, तरी बेटाच्या पूर्वेकडील कारांगासेम जिल्ह्यातल्या तेंगानान पेगरिंगसिंगन या प्राचीन गावाला ती लावताना दहादा विचार करावा लागेल, म्हणून हे पत्र.

हे गाव ‘बाली आगा’ लोकांचे, म्हणजे चौदाव्या शतकात जावातील मजापहित साम्राज्याचा प्रभाव बेटावर पसरण्यापूर्वीच्या चालीरीती बऱ्याच अंशी टिकवून ठेवणाऱ्यांचे आहे. बालीत इतरत्र दहनाचे भव्य सोहळे होतात. येथे मृतांना पुरतात. गावाचे मुख्य दैवत इंद्र आहे, जो आपल्या कथापुराणांत पावलोपावली भेटतो, पण देवळात क्वचितच. गावाची जन्मकथाही घोड्याची आहे. राजाचा हरवलेला घोडा शोधणाऱ्यांना तो मेलेला सापडला, तेव्हा त्याचा दुर्गंध जिथवर पोहोचेल तिथवरची जमीन त्यांना इनाम मिळाली. त्यांच्या प्रमुखाने मांसाचा तुकडा कपड्यात लपवला होता, त्यामुळे कितीही चालले तरी दुर्गंध काही सरेना! घोड्याचे नाव ओंचेस्रवा. त्यात उच्चैःश्रवा ओळखू येतो, मात्र ही लबाडी आपल्या कोणत्याही पुराणातली नाही, ती तेंगानानची स्वतःची आहे.

गावाच्या स्वतंत्र पंचांगातील पाचव्या महिन्यात, साधारणपणे जूनच्या सुमारास, ‘उसाबा सांबाह’ उत्सव असतो. त्यात पुरुष काटेरी केवड्याच्या जातीच्या पानांच्या जुड्या आणि वेताच्या ढाली घेऊन एकमेकांशी झुंजतात. ‘मेकारे-कारे’ नावाची ही झुंज इंद्राला वाहिलेली असते. तीत कोणी जिंकत नाही की हरत नाही, आणि ती संपल्यावर जखमांना हळदीचा लेप लावून सारे एकत्र जेवतात. पर्यटकाच्या कॅमेऱ्याला त्यात फक्त रक्त दिसते, ही खेदाची गोष्ट आहे.

गावाच्या नावातच ज्याचा उल्लेख आहे, ते ‘गेरिंगसिंग’ वस्त्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘गेरिंग’ म्हणजे आजार आणि ‘सिंग’ म्हणजे नाही; हे वस्त्र रोगराई दूर ठेवते, अशी श्रद्धा आहे. यात ताणा आणि बाणा, दोन्हींचे सुती धागे विणण्यापूर्वीच गाठी बांधून रंगवले जातात, म्हणून मागावर आडवे-उभे धागे तंतोतंत जुळले तरच नक्षी उमटते. पाटणच्या पटोळ्याचे तंत्र हेच, पण ते रेशमाचे. लाल रंग बारतोंडीच्या मुळांच्या सालीतून आणि निळा नीळीतून मिळतो. एक वस्त्र पुरे व्हायला काही वर्षे लागतात. अशा कापडाच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्या प्रवाशाने आधी मागाशेजारी तासभर बसून पाहावे.

हे सारे टिकले ते ‘अविग-अविग’ या गावनियमांमुळे. 1841 च्या आगीत नियमांची मूळ पोथी जळाली, तेव्हा ती 1842 मध्ये पुन्हा लिहून काढण्यात आली. गावची जमीन बाहेरच्यास विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. दुरियनसारखी काही फळे झाडावरून तोडायची नाहीत, ती आपोआप गळाली की सापडेल त्याची. गावसभेचे पूर्ण सभासदत्व मात्र पती-पत्नी दोघेही गावातलेच असतील तरच मिळते. हा नियम मला जाचक वाटतो. परंतु तो बदलायचा की नाही, हे त्या सभेनेच ठरवायचे आहे.

तेव्हा यापुढे बालीवर लेख छापताना गावांची, उत्सवांची आणि वस्त्रांची स्थानिक नावे द्यावीत आणि झुंजीच्या छायाचित्राखाली ती कोणत्या देवासाठी आहे हेही लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक